जहाजाच्या मापाने विमान: लढाऊ विमानांच्या काल्पनिक नौदली आवृत्त्या

दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या प्रतिकृती बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांचा भर एखादे विशिष्ट विमान, विशिष्ट तुकडी आणि विशिष्ट महिना अचूक उतरवण्यावर असतो. परंतु या छंदाची एक शाखा अशी आहे की तिच्यात प्रत्यक्षात कधीच न बनलेली, मात्र परिस्थिती थोडी वेगळी असती तर बनू शकली असती, अशी विमाने घडवली जातात. छंदिष्टांच्या बोलीत या प्रकाराला ‘व्हॉट-इफ’ म्हणतात आणि त्यातील सर्वांत आवडता विषय म्हणजे जमिनीवरून उडणाऱ्या प्रसिद्ध लढाऊ विमानाची नौदली आवृत्ती, म्हणजे विमानवाहू नौकेवरून उडू व उतरू शकणारे त्याचे रूप. वरवर पाहता हे काम सोपे वाटते, कारण शेपटीखाली एक आकडा चिकटवला, पंखांना घडीची रेघ मारली आणि रंग बदलला की नौदली विमान तयार झाले असा समज होतो. पण अशा प्रतिकृतींपैकी मोजक्याच जाणकारांना पटतात, आणि त्यांच्यात एक गोष्ट समान आढळते: त्यांच्या कर्त्याने विमानापासून नव्हे, तर जहाजापासून विचाराला सुरुवात केलेली असते. काल्पनिक विमान कोणत्या नौकेवर आणि कोणत्या वर्षी उतरणार हे एकदा ठरले की त्याच्या अंगावरील जवळजवळ प्रत्येक बदल आपोआप ठरत जातो.

डेकच्या मागण्या

विमानवाहू नौकेवर उतरणे म्हणजे आखूड धावपट्टीवर उतरणे, एवढ्यावर हा विषय संपत नाही. विमानाच्या शेपटीकडील आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत अडकतो आणि काही मीटरांत विमान थांबते. त्यामुळे सगळा ओढा धडाच्या मागच्या भागावर येतो आणि तो भाग मुळातच त्यासाठी भक्कम करावा लागतो. उतरण्याचा वेगही मर्यादित ठेवावा लागतो. पंखांवरील हवेचा प्रवाह तुटून उचल एकाएकी नाहीशी होण्याच्या स्थितीला ‘स्टॉल’ म्हणतात, आणि डेकवर येताना वैमानिक या स्थितीच्या अगदी काठावर उडत असतो. म्हणून विमानाचे वजन त्याच्या पंखांच्या क्षेत्रफळाने भागून मिळणारा ‘पंखभार’ हा आकडा नौदली विमानाच्या बाबतीत अत्यंत महत्त्वाचा ठरतो, कारण पंखभार जितका जास्त तितका स्टॉलचा वेग जास्त आणि डेकवरील धडक तितकीच जोराची.

या मागण्या डावलल्या की काय घडते, याचे स्पष्ट उदाहरण म्हणजे ब्रिटिश सीफायर. जमिनीवरील स्पिटफायर विमानाला आकडा आणि काही मजबुतीकरण देऊन १९४२ मध्ये ते नौदलात आणले गेले. हवेत ते उत्कृष्ट होते. पण त्याच्या चाकांचे पाय एकमेकांजवळ व नाजूक होते आणि लांब नाकामुळे उतरताना वैमानिकाला समोरचा डेक नीट दिसत नसे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीतील सालेर्नोच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवताना त्याला संरक्षण देण्यासाठी पाच लहान नौकांवरून १०६ सीफायर विमाने वापरली गेली. वारा जवळजवळ पडलेला होता आणि नौकाही संथ होत्या. एरवी नौकेचा वेग आणि समोरचा वारा यांची बेरीज विमानाच्या उतरण्याच्या वेगातून वजा होते. ती बेरीजच तुटपुंजी असल्याने विमाने डेकवर जोरात आदळू लागली आणि शत्रूच्या गोळ्यांपेक्षा उतरतानाच्या अपघातांत कितीतरी अधिक सीफायर निकामी झाली. नाक खाली झुकून प्रोपेलरची पाती डेकला लागत होती, म्हणून मोहिमेदरम्यान पात्यांची टोके थोडी कापण्याची वेळ आली. जमिनीवरचे उत्तम विमान आणि डेकवरचे उत्तम विमान यांतील अंतर या घटनेतून स्वच्छ दिसते.

उतरल्यानंतर विमान डेकखालील हँगरमध्ये न्यावे लागते आणि तिथे लिफ्टचे माप आडवे येते. ब्रिटनच्या इलस्ट्रियस या चिलखती नौकेच्या लिफ्टची रुंदी केवळ २२ फूट, म्हणजे सुमारे ६.७ मीटर होती. त्यामुळे घडी न होणाऱ्या पंखांचे सीफायर तिच्यातून खाली नेताच येत नसे. पुढच्या आवृत्तीत पंखांना घडी आली. पण सरळ उभा केलेला पंख हँगरच्या छताला लागला असता, म्हणून टोकाचा भाग पुन्हा दुमडून दुहेरी घडी करावी लागली. अमेरिकेच्या कोर्सेअर विमानांचे पंख वर दुमडत असत. ब्रिटिश हँगरमध्ये ती मावावीत यासाठी प्रत्येक पंखाचे टोक सुमारे २० सेंटिमीटर कापण्यात आले. ग्रमन कंपनीच्या वाइल्डकॅट विमानाचे पंख मात्र धडालगत मागे वळत असत, ज्यामुळे ११.६ मीटर रुंदीचे विमान सुमारे ४.४ मीटरमध्ये बसे. जपानच्या झीरो विमानाला एवढ्या मोठ्या घडीची गरजच नव्हती. त्याच्या पंखांची केवळ अर्ध्या मीटरची टोके दुमडली की ते लिफ्टमध्ये सुखाने मावे. घडी पंखाच्या कोणत्या जागी आणि कोणत्या दिशेने घ्यायची, हे प्रत्येक देशात त्याच्या नौकेच्या पोटातील जागेने ठरवले. काल्पनिक विमान घडवणाऱ्याने एका देशाच्या विमानाला दुसऱ्या देशाची घडी जोडली तर जाणकाराची नजर नेमकी तिथे अडते, त्याचे कारण हेच आहे.

अर्धवट राहिलेले खरे प्रयत्न

निव्वळ कल्पनेकडे वळण्यापूर्वी इतिहासाने अर्ध्यावर सोडलेले प्रयत्न पाहणे उपयुक्त ठरते, कारण खऱ्या अभियंत्यांनी हाच प्रश्न कसा सोडवला हे त्यांतून कळते. अमेरिकेच्या पी-५१ मस्टँग विमानाला आकडा बसवून १५ नोव्हेंबर १९४४ रोजी शांग्री-ला या विमानवाहू नौकेवर त्याच्या प्रत्यक्ष चाचण्या घेण्यात आल्या आणि वैमानिक रॉबर्ट एल्डर यांनी ते अनेकदा यशस्वीपणे उतरवलेही. अडचण वेगाची होती. हवेचा रोध कमी व्हावा म्हणून खास आकार दिलेले मस्टँगचे पंख कमी वेगात पुरेशी उचल देत नसत, त्यामुळे त्याचा स्टॉलचा वेग आणि अटकाव तारांना पेलणारा सर्वाधिक वेग यांत अगदी थोडे अंतर उरत असे. पुढे पॅसिफिकमधील बेटे ताब्यात येऊन तिथून मस्टँग उडू लागल्यावर या प्रयोगाची निकडच संपली.

बेल कंपनीच्या पी-३९ विमानाचे नौदली भावंड, एअराबोनिटा, १९४० मध्ये उडाले. मूळ विमानाला नाकाखाली चाक होते. नौदली रूपात ते काढून शेपटीखाली चाक देण्यात आले. पण या विमानाचे इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे होते, त्यामुळे हा फेरफार तोलाच्या दृष्टीने त्रासदायक ठरला आणि एकाच नमुन्यानंतर काम थांबले. इटलीने रोमा या प्रवासी जहाजाचे रूपांतर अक्विला नावाच्या विमानवाहू नौकेत करायला घेतले आणि तिच्यासाठी रेज्जियाने २००१ हे लढाऊ विमान निवडले. त्याच्या पंखांना घडी नव्हती, म्हणून काही विमाने हँगरच्या छताला टांगून ठेवण्याची योजना होती. विमान बदलण्याऐवजी जहाजानेच तोडगा काढावा, असा हा दुर्मीळ प्रसंग आहे. अक्विला कधीच पूर्ण झाली नाही. परंतु छताला टांगलेल्या विमानांचा देखावा उभारू इच्छिणाऱ्याला इथे इतिहासाचाच भक्कम आधार मिळतो.

या सर्वांत जर्मनीचे बीएफ १०९ टी हे उदाहरण अभ्यासासाठी सर्वांत सोयीचे आहे. मेसरश्मिटच्या प्रसिद्ध लढाऊ विमानाची ही नौदली आवृत्ती ग्राफ झेपेलिन या नौकेसाठी तयार झाली. मूळ ९.८७ मीटर रुंदीचे पंख तिच्यात ११.०८ मीटरपर्यंत वाढवण्यात आले आणि आकडा व कॅटपल्टसाठी लागणारी जोडणी देण्यात आली. कॅटपल्ट म्हणजे विमानाला थोड्या अंतरात उड्डाणाचा वेग देणारे यंत्र. नौकेचे काम रखडल्यावर ७० विमानांच्या मागणीतील बहुतेक विमाने नौदली साहित्य काढून टाकून पूर्ण करण्यात आली आणि वाढीव पंखांमुळे ती नॉर्वेतील आखूड धावपट्ट्यांवर उपयोगी पडली.

ग्राफ झेपेलिनवरचे फोके-वुल्फ १९०

आता एक काल्पनिक उदाहरण पायरीपायरीने उभे करता येईल. फोके-वुल्फ १९० हे जर्मनीचे दुसरे महत्त्वाचे लढाऊ विमान. त्याची नौदली आवृत्ती प्रत्यक्षात बनली नाही, तरी अशी कल्पना करायला सबळ कारणे आहेत. त्याचा आरेखक कुर्ट टांक याचा आग्रह ओबडधोबड मैदानांवरही टिकेल अशा दणकट यंत्राचा होता. त्याच्या चाकांचे पाय एकमेकांपासून सुमारे साडेतीन मीटर लांब होते आणि ते आतल्या बाजूला मिटत असत. बीएफ १०९ आणि सीफायर या दोघांचे उतरताना जे हाल होत, त्यांतून हे विमान वाचले असते. त्याचे इंजिन हवेने थंड होणारे होते, आणि नळ्यांतील पाण्यावर अवलंबून नसलेल्या अशाच इंजिनांना अमेरिकी व जपानी नौदलांनीही पसंती दिली होती.

पहिला प्रश्न वर्षाचा. ग्राफ झेपेलिनचे जलावतरण ८ डिसेंबर १९३८ रोजी कील येथे झाले. १९४० मध्ये काम थांबले, १९४२ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १९४३ च्या आरंभी कायमचे बंद पडले. १९४१ मध्ये सेवेत आलेले फोके-वुल्फ १९० या चौकटीत नेमके बसते, कारण १९४२ पर्यंत बीएफ १०९ टी जुने पडल्याचे जर्मन अधिकाऱ्यांनाही कळले होते आणि त्याच्या जागी नव्या विमानाचा विचार सुरू झाला होता. म्हणून या प्रतिकृतीसाठी १९४२ मध्ये वापरात असलेली ए-३ ही आवृत्ती योग्य ठरते. १९४४ मधील ए-८ घेतली तर तिला उतरायला जहाजच उरत नाही.

दुसरा प्रश्न लिफ्टचा. ग्राफ झेपेलिनच्या तिन्ही लिफ्ट अष्टकोनी होत्या आणि त्यांचे माप १३ गुणिले १४ मीटर होते. फोके-वुल्फ १९० ची मूळ रुंदी साडेदहा मीटर आहे, म्हणजे पंखांना घडी न घालताही ते खाली नेता येते. या एका निरीक्षणाने प्रतिकृतीतील सर्वांत कठीण काम टळते आणि ते टाळणे इतिहासाच्या दृष्टीनेही योग्य ठरते, कारण या विमानाच्या पंखांचा मुख्य दांडा एका पंखातून धडामार्गे दुसऱ्या पंखात सलग जातो आणि तो तोडून बिजागरी बसवणे हे युद्धकाळातील कारखान्यासाठी मोठेच संकट ठरले असते. उलट, पंख मोठे हवेत म्हणून टीए १५२ एच या पुढच्या भावंडाचे १४.४४ मीटर रुंदीचे पंख जोडण्याचा मोह झाला, तर ते लिफ्टमध्ये मावत नाहीत आणि ते विमान जन्मले तेव्हा नौकेचे काम संपलेले होते. म्हणजे ती प्रतिकृती जागा आणि काळ या दोन्ही कसोट्यांवर नापास होते.

तिसरा प्रश्न पंखभाराचा, आणि तिथे या विमानाची दुखरी बाजू आहे. सुमारे ४,००० किलो वजन आणि १८.३ चौरस मीटर पंख यांचा भागाकार प्रति चौरस मीटर सुमारे २१८ किलो येतो. सुरुवातीच्या स्पिटफायरच्या बाबतीत तो १२० च्या आसपास असे. बीएफ १०९ टीचा धडा गिरवून प्रत्येक पंख ६० सेंटिमीटरने वाढवला तर रुंदी ११.७ मीटर होते, लिफ्टमध्ये ती मावते, आणि क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस मीटरने वाढते. पण मजबुतीकरणाचे वजन धरता पंखभार जेमतेम दहा किलोंनी उतरतो. म्हणून वजन कमी करण्याचा आणखी मार्ग हवा, आणि तो विमानाच्या इतिहासातच सापडतो: प्रत्यक्षातही अनेक फोके-वुल्फ १९० विमाने पंखातील बाहेरच्या दोन तोफांशिवाय उडत होती, तेव्हा नौदली आवृत्तीतून त्या काढून टाकणे स्वाभाविक ठरते.

वेग कमी होताना हे विमान पूर्वसूचना न देता अचानक डावा पंख टाकत असे, आणि डेकच्या काठावर असा झटका जीवघेणा ठरला असता. कोर्सेअरलाही हाच दोष होता. त्यावर उपाय म्हणून त्याच्या उजव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी पट्टी बसवण्यात आली, जेणेकरून उजव्या पंखावरील प्रवाहही डाव्याबरोबरच तुटावा आणि विमान सरळ खाली बसावे. काल्पनिक फोके-वुल्फच्या उजव्या पंखावर अशीच पट्टी देता येते, आणि ती पाहणाऱ्या जाणकाराला शेपटीखालच्या आकड्यापेक्षाही अधिक काही सांगून जाते.

चौथा प्रश्न उड्डाणाचा. ग्राफ झेपेलिनच्या दोन्ही कॅटपल्ट दाबलेल्या हवेवर चालणार होत्या. विमान एका गाड्यावर चढवून रुळांवरून पुढे आणले जाणार होते. अडीच टनांचे लढाऊ विमान आणि पाच टनांचे बॉम्बफेकी विमान या दोहोंसाठी त्यांचा आराखडा होता, त्यामुळे चार टनांचे फोके-वुल्फ त्यांच्या आवाक्यात राहते. मात्र त्याचा अर्थ असा की कॅटपल्टवर दाखवलेले विमान स्वतःच्या चाकांवर उभे न राहता गाड्यावर बसलेले दाखवावे लागेल.

पाचवा प्रश्न रंगाचा, आणि त्यात अनेकांचा पाय घसरतो. जर्मनीत जहाज नौदलाचे असले तरी त्यावरची विमाने गोरिंगच्या हवाई दलाची असणार होती. त्यासाठी उभारलेल्या १८६ क्रमांकाच्या गटातही हवाई दलाचेच लोक होते. त्यामुळे विमानावर नौदलाची खास चिन्हे रंगवणे चुकीचे ठरते. हवाई दलाच्या समुद्री विमानांसाठी ठरलेल्या ७२ व ७३ क्रमांकाच्या दोन गडद हिरव्या छटा वर आणि ६५ क्रमांकाची फिकट निळी छटा खाली, ही निवड अधिक तर्कशुद्ध आहे.

कामाच्या टेबलावर

एवढा विचार झाल्यावर प्रत्यक्ष फेरफार आटोपशीर उरतात. १:७२ या प्रमाणात, म्हणजे मूळ वस्तूच्या ७२ व्या भागाएवढ्या आकारात, ६० सेंटिमीटरची वाढ ८.३ मिलिमीटर होते आणि १:४८ मध्ये १२.५ मिलिमीटर. किटमधील पंखाचे गोलसर टोक बारीक दातांच्या करवतीने सरळ कापावे, प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचे थर चिकटवून तिथे थोडा मोठा ठोकळा उभा करावा आणि मूळ टोक त्याच्या बाहेर पुन्हा जोडावे. फोके-वुल्फच्या पंखाच्या दोन्ही कडा टोकाकडे निमुळत्या होत जातात, म्हणून ठोकळा घासताना पट्टी लावून त्या रेषा तशाच पुढे न्याव्या लागतात. पुढची कड किंचितही वाकली तर पंख लगेच दुसऱ्याच विमानाचा वाटू लागतो. वाढीव भाग टोकाकडे पातळ होत जायला हवा, कारण कापलेल्या जागेची जाडी तशीच पुढे राहिली की आडवे पाहताना फुगवटा दिसतो. पुट्टी भरून बारीक पॉलिश पेपरने तो भाग एकजीव झाला की पत्र्यांच्या जोडांच्या रेषा सुईने पुन्हा कोराव्या लागतात, नाहीतर नव्या भागाचा गुळगुळीतपणाच त्याची चुगली करतो.

आकड्यासाठी शेपटीच्या चाकाच्या पुढे धडाखाली उथळ खाच कोरावी, बारीक पितळी तारेचा दांडा तिच्यात अर्धा बुडवावा आणि त्याच्या मुळाशी कागदाएवढ्या पातळ पत्र्याचे दोन चौकोन लावावेत. हे चौकोन म्हणजे तारेचा ओढा धडात पसरवणारी मजबुतीची पत्रे, आणि ती नसली तर आकडा नुसताच लटकवल्यासारखा दिसतो. काढलेल्या तोफांची भोके बुजवून त्या जागी गोल झाकणाची फिकट रेघ ठेवली, तर बदल कारखान्यात झाला असावा असे वाटते.

भारतातील धागा

या विषयाचे भारताशी असलेले नाते प्रत्यक्ष आहे. फोके-वुल्फ १९० चा आरेखक कुर्ट टांक १९५६ मध्ये भारतात आला आणि बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत त्याच्या नेतृत्वाखाली एचएफ-२४ मरुत हे लढाऊ विमान घडले. त्याचे पहिले उड्डाण १७ जून १९६१ रोजी झाले. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर ही विमाने उघड्यावर मांडलेली आहेत आणि प्रतिकृतिकाराला ती जवळून न्याहाळता येतात. त्यांतील सी हॅरियर हे तर जमिनीवरच्या हॅरियरचेच नौदली रूप: ते डेकवर सरळ खाली उतरत असल्याने त्याला आकड्याची गरज नाही, पण लिफ्टमध्ये मावण्यासाठी त्याचे नाक बाजूला वळते. आपल्या काळात तेजस या जमिनीवरच्या विमानाची नौदली आवृत्ती २७ एप्रिल २०१२ रोजी प्रथम उडाली आणि ११ जानेवारी २०२० रोजी विक्रमादित्यवर आकड्याच्या साहाय्याने उतरली. तिच्यासाठी चाकांचे पाय भक्कम करावे लागले आणि समोरचा डेक दिसावा म्हणून नाक खाली झुकवावे लागले; म्हणजे १९४० च्या दशकात सीफायरने अनुभवलेल्या अडचणी नव्या तंत्रयुगातही त्याच राहिल्या.

नौदली फोके-वुल्फसारखी प्रतिकृती म्हणूनच केवळ मनोरंजनाची वस्तू राहत नाही. ती बांधताना लिफ्टची रुंदी, तारांची ताकद, वाऱ्याचा वेग, हवाई दल व नौदल यांच्यातील अधिकारांची वाटणी आणि युद्धाची बदलती निकड, हे सगळे एका वस्तूच्या आकारात कसे उतरते ते हाताने समजून घ्यावे लागते. घडलेल्या इतिहासाचा अभ्यास काय झाले ते सांगतो. न घडलेल्या विमानाची काटेकोर प्रतिकृती जे झाले ते तसेच का झाले, हे दाखवते. त्यामुळे अशा प्रतिकृतीची खरी पारख तिच्या नावीन्यावर होऊ नये. तिच्यातील प्रत्येक बदलाला ‘कोणत्या जहाजासाठी?’ हा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर मापांसह मिळाले, तर ते विमान कधीच उडाले नसले तरी त्याच्यामागची कल्पना खरी मानावी.